वाळीत टाकलेल्या घराने आशीर्वाद कुठे शोधायचा?

भाऊ, सलाम.

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समज चुकली असेल तर लगेच कळेल. सातपुड्याच्या पायथ्याशी तुमचा पाडा आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आणि तुमच्या पत्नीने बाप्तिस्मा घेतला. गेल्या होळीला तुम्ही पूजेत बसला नाहीत आणि तेव्हापासून भाऊबंदांनी बोलणं टाकलं. गिरणीवाला दळण घेत नाही, बोअरवर तुमचा हंडा सगळ्यांच्या शेवटी, पेरणीला शेतात कुणी आलं नाही. त्यातच पावसाळ्यात वडिलांना लकवा मारला. वडील अजून जुन्या रीतीचेच आहेत, पण त्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं नाही म्हणून तेही वाळीत. गाव म्हणतं, देव कोपला. प्रार्थनेला येणारे म्हणतात, ही परीक्षा आहे, छळ म्हणजे आशीर्वाद, आनंद करा. आणि तुम्ही विचारता: मला आनंद होत नाही, आशीर्वाद दिसत नाही, मग माझा विश्वास कच्चा आहे का? गाव सोडून जाऊ का?

मी नवापूर-साक्री पट्ट्यात बरीच वर्षं पाळक (पास्टर) म्हणून काम केलं आहे आणि वाळीत पडलेल्या घरांच्या ओट्यावर बसलो आहे. तुमच्या पाड्यावर मी आलेलो नाही. त्यामुळे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील, त्या तशा सांगेन.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या प्रश्नात तीन दुःखं एकमेकांत मिसळली आहेत. बहिष्कार हे एक, ते विश्वासामुळे आलं. वडिलांचा लकवा हे दुसरं, ते शरीराचं आहे आणि कोणत्याही घरात येतं. तिसरं दुःख आपल्याच माणसांनी दिलं आहे, ‘आनंद करा’ असं सांगून. मला हे तिसरं सगळ्यात जास्त लागलं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

‘छळ म्हणजे आशीर्वाद’ असं येशूने कुठेही शिकवलेलं नाही. डोंगरावरच्या प्रवचनात (मत्तय ५:१०-१२) त्याने छळ सोसणाऱ्या माणसांना धन्य म्हटलं. छळाला चांगलं म्हटलं नाही, छळणाऱ्यांना तर नाहीच. कारणंही दिली: स्वर्गाचं राज्य त्यांचं आहे, आणि त्यांच्या आधीच्या संदेष्ट्यांनाही लोकांनी असंच छळलं होतं. म्हणजे तुम्ही कुणाचे आहात आणि कुणाच्या रांगेत उभे आहात, यावर ते धन्य असणं उभं आहे. तुमच्या बायकोला दळण घेऊन परत यावं लागतं, ही गोष्ट वाईटच आहे. देव वाईटातून चांगलं घडवू शकतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण वाईट हेच चांगलं असं म्हणू लागलो, की वाईट करणाऱ्याला आपणच मोकळं सोडतो आणि सोसणाऱ्याला देवासमोर खोटं बोलायला लावतो.

तुम्हाला कुणीतरी याकोब १:२ किंवा १ पेत्र ४:१३ दाखवेल, तिथे ‘आनंद माना, आनंद करा’ असं आहेच. खरं आहे. पण ज्या पेत्राच्या नावाने दुसरं पत्र आहे, तो येशूचा शिष्य स्वतः न्यायसभेत फटके खाल्लेला माणूस होता. आणि पेत्राच्या त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात (१:६) तो वाचकांना म्हणतो की तुम्ही उल्लासता, पण सध्या निरनिराळ्या परीक्षांमुळे तुम्हाला दुःखही होत आहे. दोन्ही एकाच वाक्यात. आनंदाने दुःखाची जागा घेतलीच पाहिजे, असं तो म्हणत नाही. आणि पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत स्वतः येशू काय करत होता? तो मरणाएवढा खिन्न झाला होता, हा प्याला टळावा म्हणून विनवत होता, मित्रांना जागे राहायला सांगत होता. रात्री अडीच वाजता झोप लागत नाही आणि ‘प्रभू, हे थांबव’ एवढंच तोंडातून निघतं, तर तुम्ही त्याच्यापासून दूर गेलेला नाही. तोही याच जागी होता. विश्वास कच्चा असल्याची ही खूण नाही.

आता वडिलांचा लकवा. इथे गावाचं आणि प्रार्थना-गटाचं गणित एकच आहे, हे तुमच्या लक्षात आलं का? गाव म्हणतं, तुम्ही पूजा सोडली म्हणून देवाने मारलं. गटातला एखादा म्हणतो, तुमच्यात कुठेतरी पाप किंवा शंका आहे म्हणून ते बरे होत नाहीत. दोघांनाही आजारामागे कुणाचा तरी गुन्हा हवा आहे. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९:३). शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते यरुशलेमात राहणाऱ्या इतरांपेक्षा अधिक पापी होते असं समजू नका, हेही त्यानेच सांगितलं (लूक १३:४). म्हणून लकव्याचा आणि तुमच्या बाप्तिस्म्याचा हिशेब जुळवायचं आजपासून बंद करा. बहुतेक वेळा लकवा मेंदूची रक्तवाहिनी बंद झाल्याने किंवा फुटल्याने येतो, आणि त्यामागचं सगळ्यात मोठं कारण वाढलेला रक्तदाब. रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे का? हातपायाचे व्यायाम कुणी शिकवले का? पहिल्या काही महिन्यांत व्यायामाने जेवढं परत मिळतं तेवढं नंतर मिळत नाही. नंदुरबारचं जिल्हा रुग्णालय असो की नवापूर तालुक्यातलं चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय, जे जवळ पडेल तिथे दाखवा. ‘गोळ्या सोडा, फक्त प्रार्थना करा’ असं सांगणारा कितीही आवेशाने बोलला, तरी त्याचं ऐकू नका. मी आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करतो आणि त्याच बैठकीत गोळ्यांची चिठ्ठी बघायला मागतो.

बहिष्काराकडे येतो. इथे मला तुम्हाला काही विचारावं लागेल, कारण उत्तर त्यावर ठरतं. पूजेत न बसणं एवढंच घडलं, की तुमच्यापैकी कुणी गावाच्या देवाला सैतान म्हटलं? गावाची वर्गणी पूर्ण बंद केली का? प्रार्थना केली तर म्हातारा बरा होईल, पण मग उपासनेला यायचं, असा सौदा कुणी कुणाशी केला का? बांधाचा, जमिनीच्या वाटणीचा किंवा ग्रामपंचायत निवडणुकीचा जुना राग याला चिकटला आहे का? आमच्या भागात मी पाहिलेल्या कितीतरी भांडणांत वर धर्म होता आणि खाली बांध. हे विचारतो ते तुमच्यावर दोष ढकलायला नाही. पेत्रानेच वेगळं करून सांगितलं आहे की खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात लुडबूड करणारा म्हणून सोसू नका, ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर लाजू नका (१ पेत्र ४:१५-१६). आपल्या उद्धट बोलण्याने आलेला राग आणि ख्रिस्तासाठी सोसलेला छळ या दोन गोष्टी आहेत. पहिल्याची माफी मागायची असते. दुसऱ्याची माफी मागायची नसते.

म्हणून माझा सल्ला असा की पूजा वेगळी आणि गाव वेगळं, हे वागण्यातून दाखवा. पूजेत बसू नका. पण बोअरच्या दुरुस्तीला, रस्त्याला, कुणाच्या घराला आग लागली तर, कुणाकडे मयत झाली तर सगळ्यांच्या आधी पोचा, बोलावलं नाही तरी. लग्नाला कुणी चुकून बोलावलंच तर जा आणि समोर येईल ते जेवा. करिंथ शहरातल्या मंडळीला (चर्चला) प्रेषित पौलाने जवळजवळ हेच सांगितलं होतं (१ करिंथ १०:२७). सणाची वर्गणी मात्र प्रत्येकाच्या विवेकबुद्धीवर सोडावी लागते. काही घरं जेवणाचा वाटा देतात, पूजेचा देत नाहीत आणि तसं कारभाऱ्याला आधी शांतपणे सांगतात. मला ही वाट बरी वाटते, पण सगळ्या पाड्यांवर ती चालेलच असं नाही.

आणि हक्क? ‘ख्रिस्ती माणसाने तक्रार करू नये, सोसावं’ असंही तुम्हाला कुणी सांगितलं असेल. फिलिप्पै शहरातला प्रसंग पूर्ण वाचा, प्रेषितांची कृत्ये १६. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. मध्यरात्री ते गीतं गात होते, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कमी सांगितलं जातं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की यांना सोडून द्या, तेव्हा पौल निघाला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला उघड मारलं आणि आता गुपचूप घालवता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं तो म्हणाला. अधिकारी आले आणि त्यांनी विनवणी केली. रात्रभर गाणारा आणि सकाळी कायदा दाखवणारा माणूस एकच. मला वाटतं, त्याने हे मागे राहणाऱ्या, तिथल्या लुदिया नावाच्या विश्वासी बाईच्या घरातल्या छोट्या मंडळीसाठी केलं, कारण तो निघून गेल्यावर त्या लोकांना त्याच गावात राहायचं होतं. तुमच्या पाड्यावर तुमच्यानंतर कुणी विश्वास धरला, तर त्याचं काय होईल हे आज तुम्ही काय करता यावर थोडं तरी अवलंबून आहे.

आपल्याकडे राज्यघटनेचं कलम २५ आहे. त्यात विवेकस्वातंत्र्य आणि धर्म पाळण्याचा, आचरण्याचा, प्रसार करण्याचा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणूनही वर म्हटलेला सौदा कधी करू नका. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, जुलै २०१७ पासून तो लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तक्रार पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते. पण ठाण्यात जाण्याआधी वहीत नोंद ठेवा. कोणत्या तारखेला गिरणीवर काय झालं, कोण बोललं, कोण ऐकत होतं. मग पोलीस पाटील किंवा तंटामुक्ती समितीकडे बोलणी करून बघा, तेच बहिष्कारात सामील नसतील तर. वकिलाचा सल्ला नक्की घ्या, कारण कायदे बदलतात. मारहाण झाली किंवा तशी धमकी आली, तर बोलणी-बिलणी काही नाही, ११२ ला फोन करा आणि बायको-मुलांना नातेवाइकांकडे हलवा. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असं येशूनेच शिष्यांना सांगितलं होतं (मत्तय १०:२३).

तुम्हाला कुणी जमातीचा दाखला जाईल म्हणून घाबरवत असेल तर एवढं लक्षात ठेवा: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींसाठी धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या आदेशात ती नाही. कागदपत्रं जपून ठेवा.

तक्रार करायची आणि त्यांना क्षमाही करायची, हे जमतं का, असं मला लोक विचारतात. जमतं. क्षमा म्हणजे मनात सूड न ठेवणं आणि त्यांचं भलं मागणं (रोमकरांस १२:१४). घडलेला अन्याय झालाच नाही असं म्हणणं म्हणजे क्षमा नव्हे. रोज संध्याकाळी गिरणीवाल्याचं नाव घेऊन प्रार्थना करा, आणि वहीत तारीखही लिहा.

एवढं झाल्यावर तुमच्या मूळ प्रश्नाला हात घालतो. आशीर्वाद कुठे आहे? मी जे पाहिलं ते सांगतो. हे सगळ्यांना मिळतं असं मी म्हणणार नाही.

एका पाड्यावर गिरणी बंद झाली तेव्हा घरातल्या बाईने माळ्यावरचं जातं खाली काढलं. काही दिवसांनी शेजारची म्हातारी, जी कधीच उपासनेला आली नव्हती, दळण घेऊन समोर येऊन बसली. म्हणाली, एकटीने ओढवत नाही, चार हात असले तर बरं. गावाने बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण दळायचं नाही असं कुणी तिला सांगितलं नव्हतं. त्या बाईने मला नंतर सांगितलं की इतकी वर्षं शेजारी राहून तिच्याशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या पावसाळ्यात बोलले. त्याच घरी पेरणीला दुसऱ्या तालुक्यातल्या मंडळीतले लोक बैल घेऊन आले. रविवारी हात जोडून ‘आपण एक शरीर आहोत’ म्हणणारे लोक चिखलात उतरले तेव्हा ते वाक्य मलासुद्धा पहिल्यांदा खरं वाटलं. वाळीत पडेपर्यंत त्या कुटुंबाला मंडळी म्हणजे रविवारचा एक तास होता.

आणखी एक गोष्ट मी अनेक घरांत पाहिली, ती म्हणजे प्रार्थना खरी होते. सुखात आपण देवाशी अर्जासारखं बोलतो, छापील. छळात माणूस स्तोत्र १३ सारखा बोलायला लागतो, ‘परमेश्वरा, कुठवर?’ मी अशा घरात गेलो की उपदेश करत नाही. आधी पीठ, पाणी, औषध विचारतो. मग ते स्तोत्र वाचतो, आणि कधी ८८ वं, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी पवित्र शास्त्रात आहे. लोक रडतात. कुणी म्हणतं, असं देवाला बोललं तर चालतं हे माहीत नव्हतं. माझ्या दृष्टीने तिथे आशीर्वाद सुरू होतो, कारण तिथे माणूस आणि देव यांच्यातलं नाटक संपतं.

आणि पुढे कधीतरी, कधी खूप वर्षांनी, आपण सोसलेलं दुसऱ्याच्या कामी येतं. देव आपलं सांत्वन करतो ते आपण दुसऱ्याचं करावं म्हणून, असं पौल म्हणतो (२ करिंथ १:४). पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले, त्या स्वतः उपाशी भटकल्या. ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्यावर टीका झाली, १८९३ मध्ये त्यांनी चालवलेल्या पुण्यातल्या शारदा सदन या शाळा-वसतिगृहातून पालकांनी मुली काढून नेल्या. तीन-चार वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा याच रमाबाई तिथे जाऊन उपासमारीतल्या मुलींना घेऊन आल्या आणि केडगावात त्यांना आसरा दिला. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. म्हणून मी त्यांच्या आईबापाच्या मरणाला आशीर्वाद म्हणणार नाही. पण त्या मरणाला शेवटचा शब्द मिळाला नाही, एवढं मी म्हणेन.

मी मोडलेली घरंही पाहिली आहेत. काही जण परत जुन्या रीतीला गेले, काही कडवट झाले, एखादा दारूला लागला. त्यांना मी दोष देत नाही. येशू पकडला गेला त्या रात्री पेत्रानेही अंगणात त्याला तीनदा नाकारलं होतं आणि त्याच्यासाठी दार बंद झालं नाही. म्हणूनच सांगतो की आशीर्वाद आताच्या आता दिसलाच पाहिजे, असा हट्ट स्वतःशी धरू नका, आणि एकटे तर अजिबात राहू नका. आठवड्यातून एकदा तरी असं घर गाठा, जिथे तुम्हाला ‘आनंद करा’ न म्हणता चहा देतील आणि ऐकून घेतील.

तुमच्या पाड्यावर मला एक गोष्ट आत्ताच दिसते. तुमचे वडील. त्यांनी येशूचं नाव घेतलेलं नाही, आणि तरी मुलाला टाकलं नाही म्हणून भाऊबंद गमावले. त्यांच्याशी बोला. त्यांनी बाप्तिस्मा घ्यावा म्हणून आजारपणात त्यांच्यामागे लागू नका. त्यांच्याजवळ बसून प्रार्थना करू का, असं विचारा, नाही म्हणाले तर नुसते पाय चोळा. एक अवघड विषयही त्यांच्याशी आणि दोन-चार भाऊबंदांशी आधीच बोलून ठेवा. त्यांचं काही बरंवाईट झालं तर अंत्यविधी त्यांच्या रीतीने व्हावा, तुम्ही आडवे येणार नाही, हे भाऊबंदांना तुमच्या तोंडून कळू द्या. कितीतरी राग या एका वाक्याने उतरताना मी पाहिला आहे. तुमच्या स्वतःच्या कुटुंबासाठी दफनाची जागा कुठे आहे, हेही मंडळीला विचारून ठरवून ठेवा. छत्तीसगडमधल्या एका ख्रिस्ती कुटुंबाला जानेवारी २०२५ मध्ये गावात दफन करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि तोवर मृतदेह जवळजवळ तीन आठवडे शवागारात राहिला. तशी वेळ कुणावर येऊ नये.

राहिला गाव सोडण्याचा प्रश्न. जिवाला धोका असेल तर आज निघा, त्यात विश्वासाचा काही कमीपणा नाही. धोका नसेल आणि फक्त अबोला असेल, तर मी निदान एक हंगाम थांबायला सांगेन, कारण असे अबोले बहुतेक वेळा सगळ्या घरांकडून एकसारखे पाळले जात नाहीत, कुठेतरी फट पडते. तसंही दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. हंगामापुरतं जाणं वेगळं आणि सातबारा, रेशन कार्ड, म्हातारा बाप मागे ठेवून कायमचं जाणं वेगळं. पत्नीचं म्हणणं काय आहे ते तुमच्या लिहिण्यात कुठेच आलं नाही. बोअरवर शेवटी तीच उभी राहते, तेव्हा आधी तिला विचारा. आणि वडिलांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका. हा बहिष्कार त्यांनीही तुमच्याइतकाच सोसला आहे, तोही जो विश्वास त्यांचा नाही त्याच्यापायी.